सोवळ्याच्या पदराची कड

शी! इतकी वर्षं लोटली, पण त्या वासाची नुसती आठवण झाली तरी घशाशी येतं. साधा वास नव्हता तो. शिळा, गोडसर, अंगाला चिकटून बसणारा. अंघोळ केली तरी जायचा नाही, उदबत्ती लावली तर तिच्यातही मिसळून यायचा. तो कुठून येतोय हे कळेपर्यंत आमच्या घरात जे रामायण झालं त्यात माझं पोट रिकामं राहिलं, आणि ते पोट तेव्हा माझ्या एकटीचं नव्हतं.

लग्न होऊन मी पुण्याहून कलकत्त्याला आले ती पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला. आमचे हे खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये. घर मात्र बागबाजारात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण सासूबाईंना गंगा पायी जाण्याच्या अंतरावर हवी होती. त्यापायी हे बिचारे रोज ट्राम बदलत बदलत ऑफिस गाठायचे आणि सासूबाई रोज पहाटे घाटावर. येताना ओलेत्याने, गल्लीतल्या माणसांना चुकवत, भिंतीच्या कडेकडेनं. घाटावर त्याच वेळी कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असायच्या. त्यांच्याकडे पाठ करून आंघोळ केली की गंगा शुद्ध, असा त्यांचा हिशेब होता.

सोवळं कडक. तेही एक वेळ ठीक होतं, पण मी येण्याच्या सुमारास त्यांचे गुडघे धरले आणि स्वयंपाक माझ्याकडे आला. सोवळ्यातला. सुती लुगडं रोज धुऊन, कुणाचा हात न लावता वाळवायचं म्हटलं तर कलकत्त्याच्या दमट हवेत ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळायचं नाही. म्हणून सासूबाईंचं जांभळं रेशमी लुगडं मला मिळालं. रेशमाला विटाळ नाही, ते रोज धुवावं लागत नाही, असं त्या म्हणायच्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उंच वलणीवर ते टांगलेलं असायचं. अंघोळ झाली की काठीनं खाली काढायचं, नेसायचं, काम झालं की परत काठीनं वर. कुणाकुणाचा घाम त्यात मुरला होता देव जाणे. नव्या नवरीनं कौतुकानं नेसावं असं ते लुगडं नव्हतं, पण सांगणार कुणाला!

आणि सोवळ्यात शिवलेलं काही चालत नाही. म्हणजे पोलकंसुद्धा नाही. उघड्या अंगावरून पदर घट्ट ओढून घ्यायचा, पोटाशी खोचायचा आणि कोळशाच्या शेगडीपुढे बसायचं. पुण्याच्या थंडीत ते जमत असेल. इथे आषाढात घामाच्या धारा लागायच्या.

एक दिवस शेगडीला वारा घालताना ठिणगी उडाली आणि पदराचं टोक जळालं. अंगाला काही झालं नाही, पण सासूबाई किंचाळल्या त्या पदरासाठीच. जळकं वस्त्र सोवळ्यात चालत नाही. त्यांनी कात्री मागवली, जळालेला भाग सरळ कापून टाकला आणि म्हणाल्या, "झालं. नेस आता."

झालं कसलं डोंबलाचं! कापलेल्या कडेचे धागे दुसऱ्या दिवसापासून सुटायला लागले. जुनं रेशीम, विरलेलं. एक दशी ओढली की चार निघायच्या. भाजीत धागा, आमटीत धागा. मी म्हटलं, "आई, मी कड दुमडून बारीक टाके घालते. दिसणारही नाही."

"सुई लावायची? सोवळ्याला?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून गेले. "सुई लागली की ते शिवलेलं झालं. मग ते नेसून काय उपयोग?"

"मग कात्री कशी चालली?"

"कात्री वेगळी."

मी दशांना पीळ घालून गाठी मारून पाहिल्या, पण ते गुळगुळीत रेशीम, गाठी संध्याकाळपर्यंत सुटायच्या. भाताची पेज लावू म्हटलं तर ते खरकटं. मग सासूबाईंनाच सुचलं की डिंक लावावा. डिंक झाडाचा, लाडवात घालतो तो, त्याला कसला दोष! त्यांनी स्वतःच्या डब्यातला डिंक भिजवून दिला आणि मी काडीनं कडेवर फिरवला. वाळल्यावर कड छान ताठ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लुगडं नेसून पोळ्या लाटायला बसले आणि पोटावर काहीतरी चालायला लागलं. मुंग्या! वलणीवरून रात्रभर रांग लागली होती. सोवळ्यात ओरडायचं तरी किती, झटकायचं तरी किती, आणि बाहेर धावायची सोय नाही, कारण अंगावर एवढंच. मी तशीच नाचत होते आणि सासूबाई दारातून सांगत होत्या, "पोळी करपेल, पोळी करपेल."

संध्याकाळी यांच्या कानावर गेलं. हे हसले. दोन दिवसांनी गोदीजवळच्या एका दुकानातून काचेची बाटली घेऊन आले. जहाजांना सामान पुरवणारं दुकान होतं. आत तपकिरी, मधासारखं दाट काहीतरी. "शिजवायला नको, भिजवायला नको. नुसतं लावायचं. दुकानदार म्हणाला, कापडाला, लाकडाला, कशालाही चालतं."

सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "कशाचं आहे रे?"

"डिंकच असणार कसलातरी. दुसरं काय असणार?" हे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

मी झाकण उघडून वास घेतला. लवंगेच्या तेलासारखा वास आला. सासूबाईंना तो बाटलीपासून हातभर लांब उभ्या असतानाही आला आणि त्यांचं समाधान झालं. लवंग म्हणजे अगदी घरातली. मी काडीनं सगळ्या कडेला नीट पातळ थर दिला, वाळवला. काय सांगू, काम मात्र झकास झालं! एक धागा सुटायचा नाही. ओढून पाहा, ताणून पाहा. मुंगीही फिरकली नाही. सासूबाई इतक्या खूश की घाटावरच्या मारवाडी बायकांनाही त्यांनी सांगून टाकलं, सुई न लावता कड कशी बसवली ते.

त्याच सुमारास मला दिवस गेले.

पहिला महिना बरा गेला. मग श्रावणाची ओल घरात शिरली. भिंतींना ओल, मिठाला पाणी, पापड मऊ. आणि स्वयंपाकघरात वास यायला लागला. आधी वाटलं मोरीतून येतोय. मोरी घासली. मग वाटलं डब्यांमागे उंदीर मेलाय. सगळे डबे काढले, काही नाही. शेगडी पेटली, मी घामानं भिजले की वास वाढायचा. लवंगेचा मागमूस नाही, नुसता कुजका, गोडसर, चिकट वास. पदराची ती ताठ कड घामानं मऊ व्हायची आणि माझ्या पोटाच्या कातडीला चिकटायची. सोडवायला गेलं की कातडी ओढली जायची, खाली लालभडक पट्टा. स्वयंपाक झाला की मी मोरीवर जाऊन ओकायची. पान वाढून घ्यायची, घास तोंडापर्यंत न्यायची, आणि परत मोरी.

"डोहाळे कडक आहेत," सासूबाई म्हणायच्या. "मुलगा असणार."

मी एकदा धीर करून म्हटलं, "आई, वास माझ्याच जवळ येतो. मी जाईन तिथं येतो."

"पोटुशा बाईला सगळ्याचाच वास येतो."

मग मला वाटायला लागलं की मीच सडतेय. खरंच सांगते. अंघोळीला बसले की पोट शिकेकाईनं घासघासून काढायची. हे जवळ आले की सरकून बसायची. स्वतःच्याच अंगाची किळस येणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत भोगलं, आणि ते कुणाला सांगायचीही लाज. यांना तर काही कळायचंच नाही. गोदीत डांबर, कातडी, सुकी मासळी यांच्यात दिवस काढून नाक मेलं होतं त्यांचं.

त्या दिवसांत पोटात काही टिकलं असेल तर ते समोरच्या काकीमांमुळे. गल्ली अशी अरुंद की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच त्यांची खिडकी. कुठलंसं बंगाली ब्राह्मण घराणं, पण मासे खाणारं. त्यांनी मला ओकताना पाहिलं आणि सासूबाई घाटावर गेल्या की खिडकीतून कागदाच्या पुडीत मुरमुरे, ओल्या नारळाचे तुकडे, कधी काकडी टाकायला लागल्या. "खा बौमा, हळूहळू खा." बौमा म्हणजे सूनबाई. ते कोरडं खाणं मी खिडकीशी उभ्याउभ्या खायची आणि आश्चर्य म्हणजे ते राहायचं. अंगावर तेव्हा साधं सुती पातळ असायचं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

लेडी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून बघितलं आणि यांना बाजूला न घेता, माझ्यासमोरच सांगितलं, "हिच्या पोटात अन्न राहिलं नाही तर मूल राहणार नाही. जे टिकतं ते द्या. काय टिकतं ते तुम्ही शोधा." परत आल्यावर यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या घाबरल्या. खोटं कशाला बोलू, मनापासून घाबरल्या. आणि घाबरल्यावर माणूस जे करतं तेच त्यांनी केलं. कुणावर तरी खापर फोडलं.

तो इलिश माशाचा हंगाम. अख्ख्या बागबाजारात घरोघरी इलिश तळला जात होता, काकीमांकडेही. सासूबाई खिडकीत गेल्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सुरू झाल्या. तुमच्या मासळीच्या वासानं माझ्या सुनेचा जीव चाललाय. ब्राह्मण म्हणवता आणि घर कोळ्यासारखं. माझा नातू गेला तर त्याचं पाप तुमच्या कढईला. असं काय काय. मी आतून "आई, नको, आई, नको" करत होते. काकीमा ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरी मासा ताज्यातला ताजा येतो. हा वास ताज्या माशाचा नाही. तुमच्या घरात बघा." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

सासूबाईंनी आमची खिडकी लावली, फटीत कापडाचे बोळे कोंबले. झालं! वास आत कोंडला. मुरमुरे बंद. मी आठवडाभर ताकाच्या पाण्यावर काढला. सकाळी उठले की भिंत धरून चालायची, आणि तरी अंघोळ करून ते जांभळं लुगडं नेसायची, कारण घरात सोवळ्याचं रांधणारी दुसरी कोण होती! पोटावर हात ठेवला की आत काही हलतंय का याची वाट बघायची.

मग ती मांजर आली.

दुपारची वेळ. सासूबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या, मी उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते. गच्चीच्या दारानं काकीमांची पांढरी मांजर आत शिरली. खाली दुधाचं पातेलं उघडं होतं. सासूबाई हाकलायला उठणार, तर मांजरीनं पातेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती डब्यांच्या उतरंडीवर चढली, तिथून उडी मारली आणि वलणीवरच्या पदराला लोंबकळली. अख्खं लुगडं खाली आलं. आणि मग ती बया त्यावर आरामात बसली, कड पंजात धरली, डोळे मिटले आणि चाटायला लागली. चाटतेय, चावतेय, घशातून घुरघुर चाललीय.

"हड्! हड्!" सासूबाईंनी काठी आपटली. मांजर हलेना. कड तोंडात धरून ओढत कोपऱ्यात घेऊन गेली.

मी सरपटत गेले, तिच्या तोंडातून पदर ओढला आणि ओली कड नाकाशी धरली. तोच वास. माझ्या पोटावरचा, माझ्या स्वप्नातला, ज्याला मी माझा समजत होते तो. मी तिथेच ओकले. मग ती कड मी सासूबाईंपुढे धरली. "घ्या वास."

त्यांनी घेतला. मागे सरकल्या, आणि पायाशी ठेवलेलं तांदळाचं सूप कलंडलं.

दुसऱ्या दिवशी हे दुकानात विचारून आले. मान खाली. "माशांच्या कातडीचा असतो म्हणे. उकळून काढतात. वास झाकायला वरून लवंगेचं तेल." आणि वर, "पण धरतो मात्र चांगला." मला आयुष्यात या माणसाला मारावंसं वाटलं ते त्या एकाच क्षणी.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. सुई लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला आणि माशाचं कातडं अंगाला लावून देवाचा नैवेद्य रांधवला होता त्यांनी. स्वतः तेच जेवल्या होत्या. बडाबाजारातल्या भटजींना बोलावणं गेलं. लुगडं गंगेत गेलं. देव पाण्यात. आणि घरात पंचगव्य आलं: गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप. तीन वाट्या भरल्या. यांनी नाक दाबून घेतलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतलं. तिसरी वाटी माझ्यापुढे आली. हिरवट, वर शेणाचे कण तरंगताहेत.

"घे. तुझ्याच अंगावर होतं ते."

माझं डोकं फिरलं. "माझ्या पोटात भात राहत नाही आणि हे राहील? हे ओकले तर त्याबरोबर काय काय बाहेर येईल, ठाऊक आहे तुम्हांला?"

त्यांनी वाटी उचलून ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "बरं, राहू दे क्षणभर. पण एक ऐक. समोर यातलं एक अक्षर कळता कामा नये."

"आणि तुम्ही त्यांना जे बोललात ते?"

"ते बोलून झालं. वास काय, त्यांच्याकडूनही येतोच की."

बस. मी उठले. खिडकीतले बोळे उपटून काढले, खिडकी उघडली आणि हाक मारली, "काकीमा!" समोरची खिडकी जरा वेळानं उघडली. चेहरा दगडाचा. माझं बंगाली तेव्हा दोन-चार वाक्यांचं, पण जे होतं ते सगळं मी वापरलं. वास आमचा होता. आमच्या सोवळ्याच्या लुगड्याला होता. माशाचा गोंद आम्हीच लावला होता. तुमच्या मांजरीनं दाखवलं. आणि मग जे मनात नव्हतं ते तोंडातून निघालं, "काकीमा, खिदे पेयेछे." भूक लागली आहे.

त्यांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. मग माझ्या पोटाकडे. "एशो," म्हणाल्या. ये.

मी जिना उतरले, गल्ली ओलांडली, त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. ज्या घरात मासा शिजतो त्या घरातला भात, मुगाची डाळ, खसखशीत शिजवलेली दोडकी, सगळ्याला मोहरीच्या तेलाचा वास. पहिल्या घासाला मी थांबले, पोट काय म्हणतंय ते बघायला. काही म्हणालं नाही. मग मी जेवले. बाई गं, काय जेवले! काकीमा पंख्यानं वारा घालत होत्या. ताट पुसून झालं तेव्हा त्या बोलल्या. मराठी घोडेस्वारांना बंगालात बर्गी म्हणतात, त्यांना अडवायला दोनशे वर्षांपूर्वी खणलेला खंदक इथूनच, बागबाजारातूनच सुरू व्हायचा. "पूर्वी बर्गी यायचे ते न विचारता लुटून न्यायचे," काकीमा म्हणाल्या. "तू निदान मागितलंस." आणि अजून भात वाढला.

परत आले तर सासूबाई दारातच उभ्या. यांना त्यांनी आत पाठवलेलं. माझ्या मनात सगळी उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक तिखट. आता हाकलून देतील तर पुण्याची गाडी धरायची, हेही ठरलं होतं.

त्यांनी विचारलं, "पोटात राहिलं?"

"राहिलं."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी श्वास सोडला. "मग उद्याही तिथंच जेव. बाळ होईपर्यंत तिथंच जेव. माझं मी रांधून घेईन." मग बाजूला सरकल्या. "आणि आधी मोरीत जाऊन अंघोळ कर. अंगाला वास येतोय तुझ्या."

मी मोरीकडे निघाले. वाटेत ओट्यावर माझ्या वाटणीची वाटी दिसली. रिकामी होती.

"ओतून टाकलंत?" मी विचारलं.

"पंचगव्य ओततात का कुणी!" त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "तुझ्या नावानं मीच घेतलं."